गोष्ट आणि दृष्टि

एखादा चित्रपट पाहून मंडळी घरीं परतली म्हणजे जेवतांना त्याची चर्चा व्हावयाची, हा मध्यमवर्गीय कुटुंबांतला जुना परिपाठ आहे. नायकाचें वागणें योग्य होतें कीं नाहीं, सासूचें काम करणारी बाई जरा अधिकच आक्रस्ताळी नव्हती काय, गाणीं साधलीं कीं पडलीं, आणि शेवट पटला कीं नाहीं, एवढे चार मुद्दे संपले कीं चर्चाही संपते. वर्तमानपत्रांतील परीक्षणेंही बहुधा याच चार मुद्द्यांभोवतीं फिरतात. कथानक सांगावयाचें, नटांस शाबासकी द्यावयाची, आणि ‘छायाचित्रण स्वच्छ आहे’ असें एक वाक्य लिहून मोकळें व्हावयाचें! कादंबरीचा विचार आम्ही असा करीत नाहीं. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरींत काय घडतें एवढें सांगून कोणी हरिभाऊ आपट्यांची योग्यता ठरवीत नाहीं. ती हकीकत त्यांनीं यमूच्याच तोंडून वदविली, यांत त्या कृतीचें अर्धें मर्म आहे, हें आम्ही जाणतों. वाङ्मयाला भाषा असते, हें आम्हांस शाळेंतच शिकविलेलें असतें. चित्रपटालाही भाषा असते, ती कोणी तरी घडविलेली असते, आणि आपल्याकडे ती घडविण्याच्या कामीं महाराष्ट्रांतील कांहीं थोड्या माणसांचा मोठा वांटा आहे, ही गोष्ट मात्र आम्हांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानीं असते. ती ध्यानीं आणून देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा विषय केवळ रसिकतेचा नाहीं. त्यांत एका मोठ्या हानीचा हिशेब गुंतलेला आहे. त्याकडे आम्ही ओघानें येऊं.

ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. आगगाडी स्टेशनांत येते, कारखान्यांतून कामगार बाहेर पडतात, अशीं तीं लहान लहान चित्रें होतीं. कॅमेरा तिपाईवर एका जागीं रोवलेला असे आणि त्याच्यापुढें जें घडेल तें तो फीत संपेपर्यंत टिपून घेई. तीन वर्षांनीं, म्हणजे १८९९ सालीं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं मुंबईंतच एका कुस्तीचें असें चित्रण केलें. या सर्व चित्रांत नवलाई पुष्कळ होती; पण त्यांना भाषा म्हणतां येत नाहीं. खिडकींतून दिसणारा रस्ता हें जसें कोणाचें बोलणें नव्हे, तसेंच हें होतें. पाहणारा होता, दिसणारें होतें. दाखविणारा अजून जन्मास आला नव्हता.

तो जन्मास आला तो फीत तोडून पुन्हां जोडतां येते, या शोधांतून. एक दृश्य संपविलें आणि त्याच्यापुढें दुसऱ्या जागेचें, दुसऱ्या वेळचें दृश्य चिकटविलें, तर प्रेक्षक गोंधळत नाहीं. तो त्या दोहोंचा संबंध आपल्या मनानें लावतो, असें दिसून आलें. रशियांतील लेव्ह कुलेशोव्ह याचा प्रयोग या बाबतींत नेहमीं सांगतात. त्यानें एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच चेहरा एकदां सूपाच्या बशीशेजारीं, एकदां शवपेटीशेजारीं, एकदां खेळणाऱ्या मुलीशेजारीं जोडून दाखविला. प्रेक्षकांनीं त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि वात्सल्य वाचलें आणि नटाची वाहवा केली! आम्हां मराठी माणसांस हें ऐकून आश्चर्य वाटावयास नको. आमच्या जात्यावरच्या ओवींत पहिल्या चरणीं पाऊस येतो आणि पुढल्या चरणीं भाऊ येतो. पावसाचा आणि भावाचा संबंध काय, हें गाणारी सांगत नाहीं, ऐकणारी तो जोडते. दोन वस्तु शेजारीं ठेवल्यानें तिसरी वस्तु मनांत उपजते, हें चित्रपटाच्या व्याकरणाचें पहिलें सूत्र होय.

दुसरें सूत्र अंतराचें. माणूस पुरा दाखवावयाचा, कीं कमरेपर्यंत, कीं त्याचा केवळ चेहरा, म्हणजे ज्यास क्लोज-अप म्हणतात तो? रंगभूमीवरील प्रेक्षक ज्या खुर्चीवर बसला तिच्यावरच राहतो. चित्रपटाचा प्रेक्षक मात्र दिग्दर्शक नेईल तेथें जातो. तिसरें सूत्र प्रकाशाचें, चौथें कॅमेऱ्याच्या कोनाचें व गतीचें, आणि १९३१ नंतर आपल्याकडे पांचवें आलें तें ध्वनीचें. एवढींच मूळ साधनें. बाराखडीप्रमाणें तीं सर्वांना सारखींच मिळतात; त्यांतून कोण काय लिहितो, हाच प्रश्न असतो.

दादासाहेब फाळके यांनीं या साधनांकडे कोणत्या वाटेनें पाहिलें, हें ध्यानीं घेण्यासारखें आहे. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, छायाचित्रण, शिळाछाप आणि जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या त्यांनीं हाताळल्या होत्या. ख्रिस्ताच्या जीवनावरील पट पाहतांना आपल्या डोळ्यांपुढें राम-कृष्ण येऊं लागले, असें त्यांनीं ‘नवयुग’ मासिकांतील १९१७-१८ च्या लेखमालेंत सांगितलें आहे. हा प्रसंग सर्वांस ठाऊक असतो. त्याहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा एक लहानसा प्रयोग. १९१२ सालीं लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटविण्याकरितां त्यांनीं कुंडींत एक वाटाणा पेरला, आणि तो रुजून वर येईपर्यंत रोज थोडीं थोडीं चित्रें घेतलीं. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली. या चित्रपटाचें नांव ‘अंकुराची वाढ’. यांत देव नाहीं, राजा नाहीं, गोष्टही नाहीं. पण काळ आपल्या हातीं आलेला आहे, तो आखडतां येतो, ही जाणीव त्यांत पूर्णपणें आहे. या देशांत चित्रभाषेचें पहिलें वाक्य कोणतें, असें कोणीं विचारल्यास आम्ही या वाटाण्याच्या रोपाकडे बोट दाखवूं.

‘राजा हरिश्चंद्र’ ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. सुमारें ३७०० फूट लांबीचा हा पट. आज त्याचा जो भाग उपलब्ध आहे, तो १९१७ च्या पुनर्निर्मितीचा असावा असें कांहीं अभ्यासक मानतात. त्या भागांत कॅमेरा बहुधा समोर आणि दूर उभा असतो. माणसें पायांपासून डोक्यापर्यंत दिसतात. मांडणी रविवर्म्याच्या चित्रांची आठवण करून देते. यावरून फाळक्यांस नाटकाच्या चौकटीबाहेर पडतां आलें नाहीं, असा आक्षेप कित्येकदां घेण्यांत येतो. हा आक्षेप आम्हांस उतावळेपणाचा वाटतो. देवळांत देवापुढें उभा राहणारा मनुष्य समोरूनच दर्शन घेतो. देवाकडे तिरकस नजरेनें कोणी पाहत नाहीं. फाळक्यांनीं आपल्या प्रेक्षकाला पडद्यापुढें त्याच जागीं उभें केलें. आणि गरज पडली तेव्हां त्यांनीं ती जागा सोडलीही.

‘कालिया मर्दन’ (१९१९) हा पट याची साक्ष देतो. त्यांत कृष्णाचें काम फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें केलें आहे. पटाच्या आरंभीं कथा सुरू होत नाहीं. प्रथम या लहान मुलीचा चेहरा जवळून दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटतात. नंतर ती मुलगी कृष्ण होते. ‘ही आमची मुलगी आहे, आणि आतां हाच कृष्ण आहे,’ असें दिग्दर्शक प्रेक्षकास उघड सांगतो, आणि सांगूनही भक्तिभाव ढळत नाहीं. दशावतारी खेळांत आरशापुढें बसून रंग लावणारा शेजारचा मनुष्य घटकाभरानें विष्णु होतो आणि पाहणारे हात जोडतात, तसाच हा प्रकार होय. पुढें कृष्ण डोहांत उडी घेतो. आतां दृश्य दोन ठिकाणीं वांटलें जातें: खालीं पाण्यांत कालियाशीं झुंज, वर कांठावर आक्रोश करणारे गोकुळवासी. एकदां खालीं, एकदां वर, असें तें आलटून पालटून चालतें. कांठावरच्यांस पाण्यांतलें दिसत नाहीं. आम्हांस दोन्ही दिसतें. भय त्यांचें आणि भरंवसा आमचा, या दोहोंच्या ताणांतून तो प्रसंग उभा राहतो. अमेरिकेंत ग्रिफिथनें समांतर घटना जोडण्याची जी रीति नांवारूपास आणिली, ती येथें यमुनेच्या कांठीं मराठी माणसाच्या हातीं सहज चालतांना दिसते.

फाळक्यांनीं दृश्यांची जोडणी आणि चमत्कार साधला. प्रकाश साधला तो कोल्हापुरांत. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे कारागिराच्या घरीं जन्मलेले, नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे चित्रकार. त्यांनीं व त्यांचे बंधु आनंदराव यांनीं स्वतः कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले, आणि तें काम बाबूरावांनीं तडीस नेलें. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं निघाला. त्यांतील कीचकवध इतका हुबेहूब उतरला कीं सरकारी अधिकाऱ्यांनीं तो प्रसंग गाळावयास लाविला. पडद्यावर रंगविलेल्या महालांऐवजीं त्यांनीं खरी खोली असलेलीं बांधकामें उभीं केलीं, दृश्यांचीं व पोशाखांचीं रेखाटनें आधीं स्वतः काढिलीं, आणि ‘सिंहगड’ (१९२३) या पटांत रात्रीच्या प्रसंगांसाठीं कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रकारास जी गोष्ट पहिल्या धड्यांत शिकवितात ती त्यांनीं कॅमेऱ्यास शिकविली: उजेड म्हणजे केवळ दिसण्याची सोय नव्हे; काय दिसूं द्यावयाचें नाहीं, हेंही उजेडच ठरवितो.

या विद्येचें सर्वांत मोठें फळ म्हणजे १९२५ सालचा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या कर्जांत शेतकऱ्याची जमीन जाते, तो गांव सोडून शहराची वाट धरतो आणि गिरणीचा मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढें व्ही. शांताराम या नांवानें प्रसिद्ध झालेले गृहस्थ, होते. देवादिकांच्या पटांना सरावलेल्या प्रेक्षकांनीं त्या वेळीं हा पट उचलून धरला नाहीं. परंतु ज्यांनीं तो पाहिला त्यांच्या मनांत एक दृश्य जन्मभर राहिलें: काळोखांत बुडालेली एक उदास झोपडी, आणि तिच्यापाशीं भुंकणारें एक कुत्रें. बस्स, एवढेंच. त्यांत सावकार नाहीं, दस्तऐवज नाहीं, अश्रु नाहींत, आणि मूकपट असल्यामुळें त्या कुत्र्याचा आवाजही नाहीं! तरी पाहणाऱ्यांनीं तें भुंकणें ऐकलें. कर्जानें पोखरलेल्या घराविषयीं जें बोलावयाचें तें सर्व त्या अंधारानें बोलून टाकिलें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. ‘सावकारी पाश’ची गोष्ट आम्हीं वर दोन वाक्यांत सांगितली. ती कोणालाही सांगतां येईल. बाबूरावांनीं स्वतःच १९३६ सालीं तिचा बोलपटही केला. पण १९२५ चा तो मूकपट आज जगांत कोठेंही उपलब्ध नाहीं. ती झोपडी गेली, तो अंधार गेला, तें कुत्रें गेलें. गोष्ट शिल्लक आहे आणि चित्रपट नाहीं! गोष्ट म्हणजेच चित्रपट असें जर कोणाचें मत असेल, तर त्याला या हानीचा अर्थच कळावयाचा नाहीं. कारण त्याच्या हिशेबीं कांहीं गेलेंच नाहीं. आम्ही भाषेचा आग्रह कां धरतों, याचें उत्तर येथें आहे.

बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी काढिली. १९३३ सालीं ती पुण्यास आली. मध्यंतरीं बोलपट सुरू झाला होता. ध्वनीनें जगभर एक संकट आणिलें होतें: नटांचें बोलणें नीट टिपण्याच्या नादांत कॅमेरा पुन्हां जागीं खिळला आणि चित्रपट पुन्हां नाटक होऊं लागला. ज्यांनीं बाबूरावांपाशीं मुक्या चित्रांस बोलतें करण्याची विद्या घेतली होती, त्यांना हें मानवणें शक्य नव्हतें.

‘अमृतमंथन’ (१९३४) पाहावा. राजा यज्ञांतील बळी बंद करितो आणि राजगुरु त्याच्या वधाचा कट रचितो, हें कथानक. चंडिकेच्या मंदिरांतल्या त्या गुप्त बैठकींत मशालींचा उजेड आहे, सावल्या आहेत, आणि मग एकाएकीं राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापून टाकितो. हिंदी आवृत्तींत ही भूमिका चंद्रमोहन यांनीं केली, मराठींत केशवराव दाते यांनीं. शांताराम त्यापूर्वीं जर्मनीस जाऊन आले होते, तेथील छायाप्रकाशाचा परिणाम त्यांच्यावर झाला होता, हें उघड आहे. उसनें घेतलें तें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. पण त्या डोळ्याचा उपयोग पाहा. राजगुरु दुष्ट आहे असें कोणी सांगत नाहीं. एवढ्या जवळून कोणाच्याही डोळ्यांत पाहण्याची आम्हांस संवय नसते. आई आणि मूल यांच्यावांचून एवढें जवळ कोणी येत नाहीं. तें अंतर मोडल्यामुळें आम्ही भितों, आणि त्या माणसाच्या हुकमतीखालीं असणें म्हणजे काय, हें आम्हांस अंगावर शहारे येऊन कळतें. धर्माच्या नांवानें चालणारा जुलूम हा व्याख्यानाचा विषय. येथें तो एका भिंगानें सिद्ध केला आहे.

याच्या अगदीं उलट वळणाचा पट म्हणजे दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६). व्हेनिसच्या प्रदर्शनांत १९३७ सालीं त्याचा गौरव झाला, आणि तेव्हांपासून त्याच्या भक्तिरसाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्याचा आरंभ पुनः पुन्हां पाहावासा वाटतो. विष्णुपंत पागनीस तुकारामाच्या रूपांत अभंग गात बसले आहेत. डोळे मिटलेले, सूर साधा. पुढच्याच दृश्यांत तोच अभंग साळोमालो आपला म्हणून गात असतो, ताना घेत, हातवारे करीत, श्रोत्यांकडे पाहत. कोणीही टीका केलेली नाहीं. दोन दृश्यें शेजारीं ठेविलीं, एवढेंच. आमच्या परिचयाच्या एका घरीं हा पट पाहतांना लहान नातवानें विचारलें, ‘आजी, हा माणूस त्यांचंच गाणं कां म्हणतोय?’ आजीबाई उत्तरल्या, ‘अरे, गाणं तेंच आहे, पण त्याचे डोळे बघ कीं कुठें आहेत ते!’ चित्रपटाच्या व्याकरणाचें एकही पुस्तक त्यांनीं वाचलेलें नव्हतें. परंतु दिग्दर्शकांनीं जें लिहिलें होतें तें त्यांनीं अचूक वाचलें. तुकारामाचे डोळे मिटलेले होते आणि साळोमालोचे श्रोत्यांवर होते. भक्ति आणि प्रदर्शन यांतला भेद यापेक्षां थोडक्यांत सांगतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

या पटांत चमत्कार पुष्कळ आहेत. पण कॅमेरा त्यांच्याकडे ज्या शांत नजरेनें पाहतो, त्याच नजरेनें तो जिजाईच्या चुलीकडे, म्हशीकडे आणि पोरांकडे पाहतो. गौरीबाईंनीं केलेली जिजाई ही कष्टानें टणक झालेली, तोंडानें फटकळ, आणि पोटच्या पोरासाठीं प्रत्यक्ष विठोबाशीं भांडावयास निघालेली बाई आहे. दिग्दर्शकांनीं तिला विनोदासाठीं लहान केलेलें नाहीं; तिला पडद्यावर तुकारामाइतकीच जागा दिली आहे. शेवटीं तुकाराम वैकुंठास जातात आणि जिजाई पृथ्वीवर राहते. दृष्टि आकाशाकडेही जाते आणि अंगणाकडेही वळते. कोणाचें खरें, याचा निकाल पट देत नाहीं. दोन दृश्यें जोडण्याच्या कलेला एवढी उदार समजूत क्वचितच लाभली असेल.

ध्वनीचा विचार शांतारामांनीं ‘कुंकू’ (१९३७) मध्यें केला. वृद्ध वकील काकासाहेबांशीं फसवून लग्न लावलेली तरुण नीरा त्या नात्याला नकार देते, ही कथाही नारायण हरि आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. या पटांत पार्श्वसंगीत नाहीं. जो आवाज ऐकूं येतो तो त्या घरांत, त्या रस्त्यावर खरोखर निघणारा आवाज. घड्याळाची टिकटिक आहे, ग्रामोफोन आहे. पार्श्वसंगीताचें काम काय असतें? येथें रडा, येथें घाबरा, असें तें प्रेक्षकाच्या कानांत सांगत असतें. तें काढून घेतल्याबरोबर प्रेक्षक निराधार होतो आणि त्या घरांतल्या मुलीइतकाच एकटा पडतो. शांता आपटे यांची नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तेव्हांही ती सभेपुढें गात नाहीं. त्या शांततेला एक भगदाड पाडते. ज्या समाजांत अशा विवाहांस मंगलाष्टकांचा व वाजंत्र्यांचा गजर होता, त्या समाजाला वाद्यांशिवाय तें घर ऐकविणें, हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हता. पुढें ‘शेजारी’ (१९४१) या पटांत त्यांनीं एक हिंदु व एक मुसलमान अशा दोन वृद्ध मित्रांस बुद्धिबळाच्या एकाच पटावर बसविलें, आणि त्यांच्यांतली फूट सांगतांना व्याख्यानापेक्षां त्या पटावरच अधिक भिस्त ठेविली.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रेक्षकाला न कळत त्याच्या मनावर परिणाम करणें, हेंच जर या भाषेचें सामर्थ्य, तर ती धोक्याची नव्हे काय? आहेच. लेनी रीफेन्श्टाल या दिग्दर्शिकेनें नाझी पक्षाच्या १९३४ सालच्या न्यूरेंबर्ग मेळाव्याचा पट काढिला. त्यांत कॅमेरा पुढाऱ्याकडे खालून वर पाहतो आणि जनसमूहाकडे उंचावरून पाहतो. एक माणूस आभाळाएवढा होतो आणि लाखों माणसें नक्षीसारखीं दिसूं लागतात. ‘अमृतमंथना’नें ज्या भाषेंत जुलमाची ओळख पटविली, त्याच भाषेंत वर्षभरानें जुलमाची आरती ओवाळली गेली. भाषेचा हा दोष नव्हे. तो भाषेचा स्वभाव आहे. अक्षरओळख असलेल्या मनुष्यास खोटा दस्तऐवज वाचून पाहतां येतो, निरक्षरास त्यावर अंगठा उठवावा लागतो. ‘सावकारी पाश’चें सारें दुःख यांतूनच उपजलें नाहीं काय? आज चित्रें दिवाणखान्यांत आणि मुलांच्या हातांतल्या टेलिफोनांत येऊन बसलीं आहेत. घरांतील प्रत्येकजण दिवसांतून कित्येक घटका कोणीतरी जोडलेलीं, कोणीतरी कोन ठरवून घेतलेलीं चित्रें पाहतो. अशा वेळीं पदवीधर घरांत चित्रांच्या बाबतींत अंगठाबहाद्दरी असावी, हें शोभणारें नाहीं.

आतां त्या हानीच्या हिशेबाकडे वळूं. भारतांत सुमारें १३०० मूकपट निघाले. त्यांपैकीं पूर्ण वा अपुऱ्या स्थितींत उरले ते ३० च्या आसपास. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते, आणि न पेटली तरी कालांतरानें आपोआप विटून चिकट होते, मग तिची भुकटी होते. कित्येक फिती तर त्यांतली चांदी काढून घेण्यासाठीं विकल्या गेल्या. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांपैकीं बहुतेक नाहींसे झाले आहेत. प्रभात कंपनी १९५३ सालीं बंद पडली. तिच्या आवारांत १९६० सालीं सरकारी चित्रपटशाळा स्थापन झाली, आणि १९६४ सालीं पुण्यासच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. त्याचे संस्थापक पी. के. नायर यांनीं फाळक्यांच्या कुटुंबाशीं संपर्क ठेवून ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला भाग मिळविला. हें ऋण फार मोठें आहे. तथापि २००३ च्या जानेवारींत त्याच आवारांत नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि जुन्या पटांच्या मूळ फितींचा मोठा सांठा जळून गेला. पुष्कळांच्या प्रती इतरत्र होत्या म्हणून ते पट पाहावयास तरी मिळतात. प्रत पाहून मूळची छटा कळत नाहीं, हें ज्यांनीं अंधारांतून चित्र काढावयास शिकविलें त्यांच्या बाबतींत विशेषच खरें आहे.

ग्रंथालय जळालें तर गांवांत हळहळ होते. वर्षानुवर्षें त्याची आठवण निघते. फितींचें कोठार जळालें तेव्हां आमच्या किती घरांत ती हळहळ झाली? झाली नाहीं, याचें कारण निष्ठुरता नव्हे. तेथें काय लिहिलेलें होतें, हेंच आम्हीं कधीं वाचलें नव्हतें. गोष्टी आम्हांस पाठ होत्या, म्हणून सर्व कांहीं सुरक्षित आहे असें आम्ही समजत राहिलों.

यास उपाय मोठा नाहीं. ‘कालिया मर्दन’, ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ हे पट अजून आहेत. एखाद्या सुटीच्या दिवशीं घरांतील वडील माणसांनीं मुलांना जवळ घेऊन त्यांतला एक पाहावा. नंतर जेवतांना नेहमींप्रमाणें गोष्टीची चर्चा खुशाल करावी. पण तिच्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारावे. आम्हांस हें दाखविणारा कोठें उभा होता? त्यानें उजेडांत काय ठेविलें आणि अंधारांत काय? आणि या दृश्यापुढें तेंच दृश्य त्यानें कां ठेविलें? उत्तरें चुकलीं तरी चालतील. विचारण्याची संवय लागली म्हणजे पाहणें हें वाचणें होऊं लागेल, आणि वाचतां येऊं लागलेली वस्तु कोणी सहसा जळूं देत नाहीं. ‘सावकारी पाश’ची झोपडी आम्हांस परत मिळणार नाहीं. पण त्या झोपडीसमोर, काळोखांत, कॅमेऱ्याच्या मागें एक मराठी चित्रकार काय योजून उभा होता, एवढें जरी आमच्या मुलांस कळलें, तरी त्या भाषेचा वंश खुंटला असें म्हणावें लागणार नाहीं.